लाटण्यापासून रबरी चेंडूपर्यंत : डिझाइनचा पेच जुन्या अनुभवावर कसा सोडवायचा

होळी झाली की पहिला पाऊस पडेपर्यंत कोल्हापूरकडच्या कुठल्याही कांडप गिरणीत डोकावा. ठसक्याने डोळ्यांत पाणी येतं, बाहेर पिशव्यांची रांग लागलेली असते, आणि आत चाळणयंत्राच्या घरघरीत मधूनच लाकडी टकटक ऐकू येते. जाळी तुंबलेली असते. चटणी (आमच्याकडे मिरचीच्या तिखटाला चटणीच म्हणतात) खाली पडायची थांबते, मग गिरणीवाल्या वहिनी हाताशी ठेवलेलं लाटणं उचलून चौकटीवर चार ठोके देतात. चटणी पुन्हा झरू लागते. पाच-सात मिनिटांनी परत तेच.

अशाच एका वहिनींनी मला सांगितलं होतं, “दादा, एवढं लाटणं सुटंल असं कायतरी बघा की.” मी यंत्रं डिझाइन करणारा माणूस. मला वाटलं, दोन आठवड्यांचं काम. विजेवर चालणारी छोटी हातोडी बसवली, तिला टायमर लावला. पहिल्या आठवड्यात चौकटीचं वेल्डिंग तडकलं. हातोडी हलकी केली तर जाळी मोकळी होईना, जड केली तर जाळीच फाटली. सहा आठवडे असे गेले. मग एक दिवस वेगळ्याच कामासाठी मैद्याच्या गिरणीत गेलो होतो. तिथे सफाईसाठी चाळण्या उघडून ठेवल्या होत्या. बारीक जाळीच्या खाली मोठ्या भोकांची दुसरी जाळी, आणि दोहोंच्या मधल्या कप्प्यांत लिंबाएवढे रबरी चेंडू. यंत्र हललं की चेंडू उडतात आणि बारीक जाळीला खालून टपल्या मारत राहतात. मी मिस्त्रींना विचारलं, हे कधी बसवलं? ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघून म्हणाले, “साहेब, हे असंच असतं.”

म्हणजे उत्तर जुनंच होतं. ते शेजारच्या धंद्यात होतं आणि मी माझ्याच टेबलावर शोधत बसलो होतो. पुन्हा असं होऊ नये म्हणून मी काय करतो, ते नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी इथे लिहितोय. चाळणीचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो.

आधी एक गैरसमज

“अनुभव वाढला की आपोआप सुचतं,” असं वडीलधारे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. अनुभव डोक्यात असतो, पण हवा तेव्हा हाताशी येत नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता : रुग्णाच्या पोटात गाठ आहे. जोरदार किरण सोडले तर गाठ जळते, पण वाटेतलं निरोगी मांसही जळतं. किरण मंद केले तर गाठीलाही काही होत नाही. काय करावं? मंद किरण अनेक दिशांनी सोडायचे आणि गाठीवर एकत्र आणायचे, हे उत्तर. नुसता प्रश्न दिला तेव्हा दहातल्या जेमतेम एकाला ते सुचलं.

मग काहींना आधी एक गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचा आहे. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सुरुंग पेरले आहेत. लहान तुकडी सुखरूप जाते, पण सगळं सैन्य एकाच रस्त्याने गेलं तर सुरुंग फुटतात. म्हणून तो सैन्याच्या लहान तुकड्या करतो आणि सगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी पोहोचवतो. गोष्ट आणि प्रश्न यांचा सांगाडा एकच आहे. तरीही गोष्ट वाचून स्वतःहून ती वापरणारे साधारण तीस टक्केच निघाले. “मघाची गोष्ट उपयोगी पडेल” एवढी सूचना दिली, तेव्हा कुठे आकडा पंचाहत्तरच्या आसपास गेला.

पाच मिनिटांपूर्वी वाचलेलं लोकांना आठवलं नाही, कारण एक गोष्ट किल्ल्याची होती आणि दुसरी पोटाची. वरचे कपडे वेगळे असले की आतला माणूस आपल्याला ओळखू येत नाही. पुढच्या पायऱ्या म्हणजे ती सूचना स्वतःच स्वतःला देण्याची सोय आहे, एवढंच.

पायरी १ : तक्रार लिहू नका, ओढाताण लिहा

“जाळी तुंबते” ही तक्रार झाली. तिच्यावर काम करायला बसलात की तुंबलेलं मोकळं करण्याचीच युक्ती सुचते, म्हणजे माझी हातोडी. त्याऐवजी असं वाक्य लिहा : अमुक चांगलं करायला गेलं की तमुक बिघडतं.

चाळणीचं वाक्य असं झालं : भोक बारीक ठेवलं तर चटणी मऊ येते, पण जाळी तुंबते. भोक मोठं केलं तर जाळी मोकळी राहते, पण चटणी भरड येते. आता आणखी एक पाऊल पुढे जा आणि एकाच वस्तूकडून आपण कोणत्या दोन उलट्या गोष्टी मागतोय ते लिहा. *भोक बारीकही हवं आणि मोठंही हवं.* वाचायला हे वेडेपणाचं वाटतं, पण कुलूप इथेच आहे. ते उघडायला चार साधे प्रश्न विचारायचे.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात का? नाही. चाळताना भोक बारीक हवं. अडकलेला कण सुटताना क्षणभर सैल झालं तरी चालेल. दोन्ही एकाच जागी हव्यात का? वरची जाळी बारीक आणि खालची मोठी, असं करता येईल. कण वेगळ्या अवस्थेत असेल तर? गार चटणी आणि गरम चटणी सारखीच वागते का? (हा प्रश्न मी तेव्हा कागदावर लिहिला आणि पुढे गेलो. तो पुन्हा येणार आहे.) आणि सबंध वस्तू एक गुण दाखवते, तिचे भाग दुसरा, असं होईल का? सायकलची साखळी सबंध बघितली तर लवचिक असते, पण तिची एकेक कडी कडकच असते.

या पायरीला घाई करू नका. नवखी मुलं इथे पाच मिनिटं देतात आणि थेट संगणकावर चित्र काढायला बसतात. मी निदान अर्धा दिवस देतो, तोही जागेवर जाऊन, यंत्र चालवणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून. माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर वहिनींच्या हातातल्या लाटण्यात होतं : ठोका कामी येतोय, तो चुकीच्या जागी आणि फार उशिरा पडतोय. ते मी पाहिलं होतं, पण नोंदवलं नव्हतं.

पायरी २ : धंद्याचे शब्द खरवडून काढा

आता त्या वाक्यातून मिरची, चटणी, कांडप हे शब्द काढून टाका. काय उरतं? *बारीक कण छिद्रांतून जाताना अडकतात. प्रवाह न थांबवता छिद्रं मोकळी ठेवायची आहेत.* हे वाक्य आता कोणत्याही धंद्यात फिरू शकतं. सिमेंट कारखान्यातल्या धुळीच्या गाळणपिशव्या, रंगाचा फवारा, विहिरीच्या पंपाची फूटव्हॉल्व्ह जाळी, ठिबक सिंचनाचे ड्रिपर, अगदी चहाची गाळणीसुद्धा. सगळीकडे तेच दुखणं आहे.

एक युक्ती हमखास चालते : नामं सोडा, क्रियापदं धरा. अडकणे, सुटणे, चिकटणे, झिजणे, घसरणे, गळणे, तापणे. धंदे नामांनी वेगळे होतात, क्रियापदांनी एकत्र येतात. आपल्याकडे तर क्रियापदांची श्रीमंती आहे. तुंबणं, अडकणं, बसणं, गच्च होणं, पापुद्रा धरणं या प्रत्येकात बिघाड वेगळा असतो. कण भोकात नेमका बसला तर तो खालून ढकलावा लागतो. जाळीवर पापुद्रा धरला तर तो वरून खरवडावा लागतो. हा फरक मला बाहेरचं पुस्तक वाचून कळला नाही. वहिनींनी “बसलीया” आणि “थर धरलाय” असे दोन वेगळे शब्द वापरले, तेव्हा कळला.

पायरी ३ : शोध

तीन ठिकाणी शोधायचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिलं फुकट आहे, दुसऱ्याला चहा लागतो आणि तिसऱ्याला चिकाटी.

पहिलं ठिकाण म्हणजे आपलं घर आणि आपली वही. हे क्रियापद मी आयुष्यात कुठे पाहिलं? आई पीठ चाळताना चाळणीच्या कडेला तळहाताने थापटते. सुपात पाखडताना धान्य क्षणभर हवेत असतं. दहा मिनिटांत जेवढं आठवेल तेवढं लिहायचं, हसू येईल असंही लिहायचं.

दुसरं ठिकाण म्हणजे दुसऱ्या धंद्यातली माणसं. हा माझा सगळ्यात आवडता भाग. एका प्रश्नासाठी निदान तीन अनोळखी धंद्यांत जायचं आणि “हे कसं सोडवाल?” असं न विचारता “तुमच्याकडे असं अडकतं का? मग काय करता?” असं विचारायचं. पहिला प्रश्न विचारला की माणूस सल्ला देतो, दुसरा विचारला की गोष्ट सांगतो. आपल्याला गोष्ट हवी असते. सिमेंटवाल्यांनी सांगितलं, की त्यांच्या गाळणपिशव्यांत आतून दाबाच्या हवेचा अगदी क्षणभराचा झटका देतात. पिशवी फुगते, बाहेरचा धुळीचा थर गळून पडतो, आणि काम चालूच राहतं. औषधाच्या कारखान्यात जाळीलाच कानाला ऐकू न येणारी कंपनं देतात, असं कळलं. काम नामी होतं, पण त्याची किंमत गिरणीच्या सबंध यंत्राला भारी पडली असती.

तिसरं ठिकाण म्हणजे कागद, अर्थात पेटंट आणि ट्रिझ.

ट्रिझ हे रशियन नावाचं लघुरूप आहे : शोधक प्रश्न सोडवण्याची उपपत्ती, असा त्याचा अर्थ. ती मांडणारा गेन्रिख आल्टशुलर १९२६ साली ताश्कंदमध्ये जन्मला आणि बाकूमध्ये वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत नौदलात लोकांचे शोध तपासण्याचं काम त्याच्याकडे होतं. हजारो अर्ज वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की धंदे वेगळे असले तरी युक्त्या त्याच त्याच आहेत. १९४८ मध्ये त्याने आणि राफाएल शापिरोने देशातल्या संशोधनाच्या दुरवस्थेबद्दल थेट स्टालिनला पत्र लिहिलं. १९५० मध्ये अटक झाली, पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी वोर्कुताच्या छळछावणीत. स्टालिन गेल्यावर १९५४ मध्ये तो सुटला आणि १९५६ मध्ये त्या दोघांचा या विषयावरचा पहिला लेख छापून आला. पुढे त्याने पेटंटं चाळून चाळून ४० तत्त्वं काढली आणि ३९ गुणांचा एक तक्ता केला. कोणता गुण सुधारताना कोणता बिघडतो ते तक्त्यात शोधायचं, चौकटीत तत्त्वांचे क्रमांक मिळतात.

त्याचं एक उदाहरण आपल्या मिरचीच्या जवळचं आहे. ढोबळी मिरची डबाबंद करायची तर तिचं देठ आणि बी काढावं लागतं. मिरच्या बंद भांड्यात ठेवून हवेचा दाब हळूहळू वाढवायचा आणि एकदम सोडून द्यायचा. आत शिरलेला दाब मिरचीच्या सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे देठाशी फुटतो आणि बियांसकट देठ उडतं. हीच युक्ती सूर्यफुलाच्या बियांची टरफलं काढायला वापरली गेली, आणि तडे असलेले हिरे त्या तड्यांवर फोडायलाही. मक्याची लाही फुटते तेव्हा तरी वेगळं काय होतं? तिथे दाब वाफेचा असतो, एवढाच फरक. हिरेवाल्याने मिरचीवाल्याला विचारलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण ते दोघे भेटणार कुठे?

नवख्यांना माझा सल्ला असा, की ३९ गुणांच्या तक्त्यापासून सुरुवात करू नका. अनेकांना तो पंचांगासारखा वाटतो : चौकट बघायची, मुहूर्त काढायचा. तसं होत नाही. त्यापेक्षा ४० तत्त्वं एका कागदावर छापून भिंतीला लावा आणि प्रत्येकासमोर *स्वतः पाहिलेलं* एक उदाहरण लिहा. माझ्या भिंतीवर १८ व्या, म्हणजे कंपनाच्या तत्त्वासमोर काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर आहे. २५ व्यासमोर, म्हणजे ‘वस्तूने स्वतःची सेवा स्वतः करावी’ या तत्त्वासमोर, आता रबरी चेंडू आहेत. चेंडूंना वेगळी मोटर नाही, टायमर नाही. चाळणीच्या हलण्यातच त्यांचं काम होऊन जातं. माझ्या हातोडीत मी नवी ताकद बाहेरून आणली होती, चेंडूंनी यंत्रात होती तीच वापरली. चांगल्या डिझाइनची खूण विचाराल तर मी हीच सांगेन.

पेटंट शोधताना शब्दांच्या मागे लागू नका, वर्ग धरा. जगभर पेटंटांना एकच वर्गीकरण लावतात. कोरडा माल चाळण्याची पेटंटं ‘बी ०७ बी’ या वर्गात असतात आणि तिथे जाळी साफ करण्याचे उपवर्गही आहेत : ब्रशने, ठोक्याने, हवेच्या किंवा पाण्याच्या झोताने. नुसती ती उपवर्गांची यादी वाचली असती तरी माझे सहा आठवडे वाचले असते. शोध फुकट आहे. आपल्या पेटंट कार्यालयाचं ‘इनपास’ आहे, गूगलचं पेटंट शोधयंत्र आहे. पेटंटाची मुदत साधारण वीस वर्षांची असते, त्यामुळे जुन्या पेटंटांतला बराच खजिना आज कुणालाही वापरायला मोकळा आहे. मात्र चालू पेटंटातली युक्ती उचलून माल विकायला काढण्याआधी जाणकाराला विचारा.

पायरी ४ : काय जुळतं आणि काय जुळत नाही

जुनं उत्तर न शोधणं हा पहिला खड्डा; सापडलेलं उत्तर आहे तसं उचलणं हा दुसरा. पहिल्यातून निघालेला माणूस यात पडतोच, मीही पडलो.

याची सवय किती चिवट असते ते डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये दाखवलं. डिझाइन करणाऱ्यांना कॉफी न सांडणारा पेला बनवायला सांगितला आणि नमुन्यादाखल एक चित्र दिलं. त्यात नळी आणि तोंडाला लावायची चोच होती. या दोन्ही वापरायच्या नाहीत, असं स्पष्ट बजावलं होतं. तरीही नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत त्या पुन्हा पुन्हा आल्या. एकदा डोळ्यांनी पाहिलं की हात तिकडेच वळतो.

म्हणून कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘जुळतं’, उजवीकडे ‘जुळत नाही’. माझा कागद असा होता. डावीकडे : कोरडी पूड, हलणारी चौकट, बारीक जाळी (इंचाला ६० भोकं, एकेक भोक सुमारे पाव मिलिमीटर). उजवीकडे : मैद्याला तेल नसतं, मिरचीला असतं. मैद्याची गिरणी दिवसभर एकच माल काढते. इथे मिरचीनंतर हळद आणि हळदीनंतर गरम मसाला येतो, म्हणजे मधले चेंडू आणि कप्पे दर वेळी पुसावे लागणार. तिथे पाने-पक्कड घेऊन मिस्त्री उभा असतो; इथे वहिनी एकट्या आणि समोर रांग.

उजव्या बाजूची प्रत्येक ओळ म्हणजे तुमचं खरं काम. डाव्या बाजूने तुम्हाला फक्त इथवर आणलं. चेंडूंचा खण मी दोन खटक्यांनी निघेल असा केला, पाना लागणार नाही असा. तेलाची ओळ मात्र लिहूनही मी मनावर घेतली नाही. साधे रबरी चेंडू टाकले. तीन आठवड्यांत ते चिकट झाले, आणि एका चेंडूचा कपचा उडालेला दिसला. तो कुठे गेला असेल, हे लिहायलाही मला आज बरं वाटत नाही. त्या दिवसाची सगळी चटणी आम्ही फेकली आणि भरपाई मी दिली. मग खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉनचे चेंडू आणले, तेही निळे. निळे का? खाण्याचा पदार्थ निळा सहसा नसतोच, त्यामुळे तुकडा पडलाच तर लगेच नजरेला येतो. ही युक्तीसुद्धा माझी नाही. खाद्यउद्योगात निळे हातमोजे, निळ्या पट्ट्या याच कारणासाठी वापरतात.

जुळवणीचं याहून धाडसी उदाहरण अर्जेंटिनातलं आहे. होर्हे ओदोन हे गाड्या दुरुस्त करणारे गृहस्थ. बाटलीत आत पडलेलं बूच बाहेर काढण्याची एक गंमत त्यांनी पाहिली : प्लास्टिकची पिशवी आत सारायची, बूच तिच्यावर आणायचं, पिशवी फुगवायची आणि ओढायची. पिशवी बुचाला अलगद लपेटून बाहेर येते. अडलेल्या बाळंतपणात बाळाचं डोकं असंच लपेटून काढता येईल, असं त्यांना वाटलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्या कल्पनेत लक्ष घातलं आणि तिच्यावर रीतसर चाचण्या झाल्या. कल्पना एका रात्रीत आली. बाटली आणि बाई यांतला फरक भरून काढायला डॉक्टरांची आणि अभियंत्यांची वर्षं लागली.

पायरी ५ : आधी कच्चं करून बघा

यावर फार लिहिण्यासारखं नाही. पूर्ण यंत्र करू नका, ज्या एका शंकेवर सगळं अवलंबून आहे तेवढीच तपासा. मी घरातली पिठाची चाळणी घेतली, खाली शेगडीची जाळी तारेने बांधली, मध्ये मुलाचे चार चेंडू टाकले आणि अर्धा किलो चटणी हाताने चाळली. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं आणि दोन दिवस शिंका.

त्यातच एक गोष्ट उघडी पडली. सकाळी चाळलेली चटणी भराभर उतरली, तीच गिरणीतून नुकती आणलेली असताना अडत होती. कांडून निघालेली पूड गरम असते. तिच्यातून वाफ निघत असते, तेल सुटलेलं असतं, कण एकमेकांना धरतात. पहिल्या पायरीत ‘गार आणि गरम सारखीच वागते का’ असं मी लिहून ठेवलं होतं ना, ते इथे परत आलं. वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “गरम दळण डब्यात भरत न्हाईत, ही काय नवीन गोष्ट हाय?” आता कांडलेली मिरची तासभर कापडावर पसरून मग चाळतात. निम्मं तुंबणं तिथेच थांबलं. उरलेलं निम्मं चेंडूंनी थांबवलं.

पायरी ६ : नोंद, आणि ती सापडेल अशी

१९९० च्या सुमाराला अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीत एक प्रश्न होता. विमानाचे भाग मोठ्या दाबभट्टीत भाजायचे असतात. कोणता भाग कुठे ठेवला की सगळे नीट भाजतील याचं सूत्र कुणाकडे नव्हतं. पण भट्टीवरच्या कामगारांनी आधीच्या यशस्वी मांडण्यांची चित्रं जपून ठेवली होती आणि नवा माल आला की ते त्यांतलं जवळचं चित्र काढून थोडा फेरफार करत. कुंभार भट्टी रचताना डोक्यात हेच करतो. लॉकहीडने त्या चित्रांवर ‘क्लॅव्हिअर’ नावाची संगणकप्रणाली उभी केली. आग्नार आमोट आणि एन्रिक प्लाझा यांनी १९९४ मध्ये या पद्धतीचे चार टप्पे मांडले : जुनं प्रकरण शोधा, वापरा, सुधारा, जपून ठेवा. आपल्या कारखान्यांत पहिले तीन कसेबसे होतात. चौथा होत नाही, आणि मिस्त्री निवृत्त झाला की सगळं त्याच्याबरोबर जातं.

न लिहिलेल्या अनुभवाचं काय होतं त्याचा धडा हळदीने दिलाच आहे. जखमेवर हळद लावण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. ते १९९७ मध्ये रद्द झालं, कारण डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, जुने *छापील* पुरावे पुढे केले. ‘आमच्या आजीला माहीत होतं’ एवढं म्हणून भागलं नसतं.

माझ्या वहीत एका प्रकरणाला एक पान असतं. चाळणीचं पान जसंच्या तसं देतो :

> काय करायचं होतं : बारीक कण छिद्रांतून सतत जाऊ देणे.
> कुठे ओढाताण : भोक बारीकही हवं, मोठंही.
> काय चाललं : जाळीखाली उडते चेंडू (मैद्याच्या गिरणीवरून). चाळण्याआधी माल गार करणे (घरावरून).
> काय चाललं नाही, का : टायमरची हातोडी, ठोका चौकटीला बसतो, जाळीला पोचत नाही. साधं रबर, मिरचीच्या तेलाने खराब.
> कुठे वापरू नये : ओला, चिकट माल. गुळाच्या पुडीवर करून पाहिलं, चेंडूच माखले.
> शोधायचे शब्द : अडकणे, बसणे, थर धरणे, टपली, स्वतः साफ होणे.

शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची आहे. वर्षभराने तुम्ही पान शोधाल ते ‘मिरची’ म्हणून नाही. तेव्हा तुमच्यापुढे खताची दाणेदार गोळी असेल किंवा लाकडाचा भुसा. त्या वेळी मनात कोणतं क्रियापद येईल, ते आजच लिहून ठेवायचं. आणि ‘काय चाललं नाही’ हा रकाना लाज वाटली तरी भरायचा. माझ्या वहीत तो रकाना बाकीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा लांब आहे.

या उन्हाळ्यात त्या गिरणीत गेलो होतो. चाळण चालू होती, लाटणं खिळ्याला टांगलेलं. वहिनी काहीतरी बोलल्या, ते मला ऐकूच आलं नाही. चेंडूंचा खडखडाट एवढा होतो, की गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागतं. घरी आल्यावर वहीचं नवं पान काढलं आणि लिहिलं : *टपली हवी, पण आवाज नको.* पुढच्या आठवड्यात एका विणकराकडे आणि एका तबला बनवणाऱ्याकडे जायचं ठरवलंय.